तुमचं बोचकं, माझी कात्री

"काकू, दुकान थाटलंत की काय?"

"दुकान थाटलं असतं तर चार पैसे तरी गल्ल्यात पडले असते. ही नुसती उस्तवार!"

आमच्या आणि काकूंच्या बंगल्यांमध्ये कमरेएवढी भिंत आहे आणि भिंतीला लागून त्यांची मेंदी. त्या दिवशी ना भिंत दिसत होती ना मेंदी. जुन्या चादरी अंथरून त्यावर हिरवे, जांभळे, मोरपंखी खण, रुबियाचे पीस, मांजरपाटाचा लांबच लांब तुकडा, कुणाच्या तरी लग्नात आलेलं ब्रोकेड आणि अर्धं इरकल लुगडं पसरलं होतं. गणपती जाऊन आठवडा झाला होता, पाऊस ओसरला होता आणि सांगलीत भादव्याचं ऊन चांगलंच चटके देत होतं.

"पितृपंधरवड्यात नवं काही घ्यायचं नाही," काकू म्हणाल्या, "मग म्हटलं, जुनं तरी बघू. एकदा घट बसले की ओट्या सुरू. आत्ता जागा केली नाही तर येणारे पीस काय डोक्यावर ठेवू? आमच्याकडे आवक दांडगी आणि जावक शून्य."

"शून्य कसं? हळदीकुंकवाला देता की."

"ती जावक नव्हे गं, तो फेरा! हा बघ." त्यांनी एक पोपटी पीस वर धरला. "ओळखलास?"

"नाही बुवा."

"तूच दिलेला. संक्रांतीला कोपऱ्यावरच्या वहिनींना. त्यांनी चैत्रात समोरच्या ताईंना दिला, ताईंनी भाचीच्या डोहाळजेवणात माझ्या जावेला, आणि जावेनं गौरींच्या वेळी माझ्याच ओटीत घातला."

"कशावरून तोच?"

"काठाला निळ्या बॉलपेनचा ठिपका आहे. संक्रांतीलाच मी तो वहिनींच्या हातात बघितला होता. आता नवरात्रात पुढं सोडते. बघू तुझ्या दारात कधी येतोय!"

मी हसले तसं त्यांनी बोट दाखवलं. "हसू नकोस. फिरतं आहे तोवर कापडाचं बरं असतं. वाईट असतं ते 'किती छान आहे, राहू दे, होईल काहीतरी' म्हणून तळाशी गेलेलं. त्याचं काहीच होत नाही. हे अर्धं लुगडं बघ. अर्ध्याची गोधडी केली, अर्धं ठेवलं. कशाला ठेवलं ते देव जाणे."

मी भिंतीवर कोपरं टेकली. म्हणजे अर्धा तास गेलाच हे दोघींनाही कळलं. काकूंनी टेप गळ्यात अडकवली होती आणि शेजारी पुठ्ठ्याच्या कापलेल्या चिठ्ठ्या, जाड दोरा आणि पेन्सिल घेऊन त्या एकेक पीस मोजत होत्या.

"हा ऐंशी. हाही ऐंशी. हा मीटर. आणि हे बघ, साठ! साठ सेंटीमीटरमध्ये काय शिवायचं? बाहुलीचं पोलकं?"

"कुणी दिला?"

काकूंनी आवाज खाली आणला. "नाव घेत नाही. दारात चारचाकी दोन, आणि ओटीत साठ सेंटीमीटर! बाई, नारळ तरी दे मोठा. ऐंशीत साधा ब्लाऊज निघतो, लांब बाह्या हव्यात किंवा अंगानं माझ्यासारखी असेल तर मीटर लागतो. साठचा पीस म्हणजे देणारीचं व्रत पूर्ण आणि घेणारीचा उपास."

"मग त्याचं काय करणार?"

"पिशवी. 2018 ला सरकारनं प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणली तेव्हापासून साठच्या पिसांना बरे दिवस आलेत. दोन पीस, आत मांजरपाटाचं अस्तर, झाली भाजीची पिशवी. म्हणून ही चिठ्ठी." त्यांनी चिठ्ठी पुढं केली. त्यावर लिहिलं होतं: लांबी 60, पन्हा 36, सुती, धुतलेलं, पिशवी.

चिठ्ठी त्यांनी दोऱ्यानं काठाला बांधली. टाचणी का नाही, असं विचारायच्या आधीच उत्तर आलं. "टाचणी पावसाळ्यात गंजते आणि गंजाचा डाग काही केल्या जात नाही. चांगल्या चांगल्या रेशमाचं टाचणीनं वाटोळं केलेलं बघितलंय मी."

"आणि 'धुतलेलं' कशाला लिहायचं?"

"अगं, कोरं सुती कापड पहिल्या पाण्यात मीटरमागं तीन-चार, कधी पाच सेंटीमीटर आटतं. ब्लाऊजचं अस्तर न भिजवता शिवलं तर पहिल्या धुण्यात अस्तर आत ओढतं आणि वरचं कापड फुगतं. मग बायका शिंप्याच्या नावानं बोटं मोडतात. म्हणून आणलं की आधी भिजवायचं, वाळवायचं, इस्त्री फिरवायची आणि चिठ्ठीवर लिहायचं. सहा महिन्यांनी कोण लक्षात ठेवतंय?"

"पण हे लिहिलंत सुती. पीस तर असा चकचकीत आहे की मला वाटलं..."

"थांब, वाटण्यावर कारभार नाही चालत." काकू आत गेल्या आणि काडेपेटी, चिमटा आणि पाणी घातलेली जुनी ताटली घेऊन आल्या. काका इचलकरंजीला मागावर जॉबर होते. विठ्ठलराव दातारांनी 1904 साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला, हे ते आल्यागेल्याला चहाबरोबर ऐकवतात. त्यामुळे त्या घरात कापडाची ओळख नुसत्या हातानं नव्हे, काडीनं होते.

काकूंनी पिसाच्या कडेचे चार धागे उसवून चिमट्यात धरले आणि काडी लावली. धागे भुरकन पेटले, कागद जळाल्यासारखा वास आला आणि बोटाला मऊ करडी राख लागली. "हे सुती. किंवा रेयॉन, तेही असंच जळतं." मग ब्रोकेडचे धागे घेतले. ते ज्योतीपासून मागं सरकले, वितळले आणि टोकाला काळा कडक मणी झाला. "बघ! हे म्हणे बनारसी रेशीम. माझ्या नणंदेनं किती मिरवलं होतं! पॉलिस्टर आहे. रेशीम असतं तर केस जळाल्यासारखा वास आला असता आणि राख बोटानं चुरडली असती."

"सांगणार आहात त्यांना?"

"छे गं. एवढंच करणार, याची चिठ्ठी वेगळी. याला गरम इस्त्री नको."

आता मी पुरती अडकले होते. मी विचारलं, "पण काकू, एवढं सगळं मोजून कपाटात लावणार कसं? रंगावारी?"

"रंगावारी दुकानात लावतात. गिऱ्हाईक 'हिरवं दाखवा' म्हणतं. आपण घरात काय म्हणतो? 'अस्तर आहे का बघ', 'फ्रिल लावायला काही आहे का बघ', 'बाळाच्या झबल्याला मऊ काही आहे का बघ'. म्हणून कामावारी." त्यांनी बोटं मोडत मोजलं. "अस्तराचं एक. ब्लाऊजचं एक. झबली-टोपडी-दुपट्यांचं मऊ मलमल नि जुनं धोतर एक. पिशव्या नि उशांच्या अभ्र्यांचं जाडंभरडं एक. आणि मीटरच्या वरचे, ड्रेसचे वगैरे, एक. पाचात बसत नाही ते बसवायचंच नाही."

"आणि तुकडे?"

"वीतभर असेल तो तुकडा, त्याच्या आतली ती चिंधी. तुकडा ठेवायचा, चिंधी गोधडीच्या पिशवीत. यात दयामाया नाही."

हे बोलताना त्यांनी इरकलचा एक वीतही नसलेला तुकडा हळूच बाजूला सरकवला. मी काही बोलले नाही.

घडीचीही त्यांची एक रीत आहे. एका मापाची पुठ्ठ्याची पट्टी घ्यायची, तिच्याभोवती कापड गुंडाळायचं, पट्टी काढून घ्यायची आणि घडी खणात आडवी न रचता उभी लावायची. कपाट उघडलं की सगळे काठ एका नजरेत दिसतात. एकावर एक रचले की तळातला पीस काढताना वरचे सगळे अंगावर येतात, आणि मग कुणी तळाशी जातच नाही. "आमच्या ट्रंकेच्या तळात काय काय आहे ते मला ऑगस्ट 2019 मध्ये कळलं," काकू म्हणाल्या. कृष्णेचं पाणी घरात शिरलं त्या वर्षी त्यांची पत्र्याची ट्रंक खालीच होती. इरकलच्या लालनं सगळ्या पांढऱ्या कापडाला रंग दिला. तेव्हापासून पक्क्या नि कच्च्या रंगाचं एकत्र ठेवत नाहीत, आणि ट्रंक माळ्यावर.

वाऱ्याची झुळूक आली तसा डांबरगोळ्यांचा वास नाकात गेला. मी नाक मुरडलं.

"तुला पण वास आला ना? त्याच काढायला बसलेय. धाकटी येणार आहे दिवाळीनंतर बाळंतपणाला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, बाळाच्या कपड्यांत, दुपट्यात, गोधडीत डांबरगोळी ठेवलेली चालायची नाही. काही बाळांच्या रक्तात ते जी-सिक्स-पीडी का काय म्हणतात ते कमी असतं. त्यांना त्या वासानं तांबड्या पेशी फुटून कावीळ होते. आणि बाळात ते कमी आहे की नाही हे आधी कुणाला ठाऊक असतं?"

"आपल्याला तर लहानपणी त्याच कपड्यांत गुंडाळलं होतं."

"गुंडाळलं होतं खरं. आता कळलंय तर कशाला? मी मलमलच्या पुरचुंडीत वेखंडाचा तुकडा आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला बांधून टाकलाय. आणि खरं सांगू? कसर कापडाला लागते ती खळीला भुलून. म्हणून कांजी केलेलं कापड ठेवायचंच नाही. आधी खळ धुवायची, खडखडीत वाळवायचं आणि मग घडी. अर्धं काम तिथंच होतं."

"आणि जरीचं?"

"जरीला अत्तर नाही, डांबरगोळी नाही, प्लास्टिकची पिशवी नाही. पिशवीत दमट कोंडतं आणि जर काळी पडते. जुन्या धोतरात नाहीतर मलमलमध्ये गुंडाळायचं, आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलायची. एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिलं की रेशीम त्याच रेषेवर चिरतं. माझ्या सासूबाईंची पैठणी अशीच गेली. वापरून नाही, ठेवून ठेवून."

एवढ्यात काकांनी आतून विचारलं, "अगं, बिस्किटांचा डबा कुठं ठेवलास?"

"टेबलावर!"

थोड्या वेळानं आतून पुन्हा आवाज आला. "यात सुया आहेत."

"मग बिस्किटं कुठली असणार त्यात? घरात नवीन आहात का?" आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून आशा सुटत नाही यांची."

डब्यांचा विषय निघाला तशा त्या सरसावल्या. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत बटणं, आरपार दिसणाऱ्या बरण्यांत हुक आणि टिचबटणं, बुटांच्या खोक्यात लेस आणि पायपिंग. रिळांचा मात्र वेगळा न्याय. प्रत्येक रिळाचा हातभर दोरा काढून दोन्ही हातांनी झटका द्यायचा. तुटला की रीळ बाद, मग ते भरलेलं असो. जुना दोरा मशीनवर घातला की दर चार बोटांवर तुटतो आणि माणूस मशीनला दोष देत बसतो. इलॅस्टिक कानाजवळ धरून ताणायचं. आतून करकर ऐकू आली की रबर मेलं. "2020 ला मास्क शिवायचे म्हणून इलॅस्टिक मिळत नव्हतं, तेव्हा मिळेल तिथून घेऊन ठेवलं. ते बघ, सगळं करकरतंय. आणि मास्क कुणी घालत नाही."

तेवढ्यात गल्लीतून आवाज आला, "भांडीऽऽ... ए ताई, भांडीऽऽ!"

बोहारीण. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, काखेत जुन्या कपड्यांचं गाठोडं. काकूंनी माझ्याकडे बघितलं, मी काकूंकडे. बोहारणीपुढं एवढं कापड पसरून बसणं म्हणजे मांजरापुढं दुधाचं पातेलं.

"काय काढलंय आई? जरीची साडी आहे का?"

"जरीचं काही नाही. हे पँटचे, शर्टांचे आहेत."

तिनं शर्ट उलटेसुलटे केले, पँटचे गुडघे उजेडात धरले आणि नाक मुरडलं. "याचं डबा नाही येत. चमचे घ्या."

"चार शर्ट, दोन पँटी आणि चमचे? बाई, तुझं नि माझं घर उन्हात नाही बांधलं!"

"जरीचं काढा, मग पातेलं देते." तिची नजर थेट इरकलच्या पदरावर गेली होती. रेशीम, सूत, जर ओळखायला तिला काडी लागत नाही.

घासाघीस अशी रंगली की मी चहा टाकून आले तरी चालूच. शेवटी शर्ट, पँटी, नणंदेचं ते ब्रोकेड आणि एक जुनी जॉर्जेट साडी गेली आणि झाकणाचा डबा आला. ब्रोकेड देताना काकूंचा चेहरा पाहण्यासारखा होता. "रेशीम म्हणूनच दिलं मी," त्या मला नंतर म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "पण तिनं पॉलिस्टर म्हणूनच घेतलं. बघितलंस ना, हात लावताक्षणी बाजूला टाकलं!"

चहाचे कप भिंतीवर आले. कपाला धक्का नको म्हणून काकूंनी पीस सरकवले आणि सरकवता सरकवता सहज विचारलं, "आणि तुझं काय? तुझं कधी काढतेस?"

"माझं काय असणार? मी कुठं शिवते?"

"शिवत नाहीस, पण करतेस की. भाचीच्या रुखवताचं उरलेलं कुठंय? लोकर, मोती, ते कागदाचे गुंडाळलेले पट्टे, थर्माकोलचं तुळशीवृंदावन. बोहरी आळीतून आणलेल्या मण्यांच्या पुड्या. मला सगळं ठाऊक आहे, तुझ्या दिवाणाखाली आहे. पुण्याहून येताना दर वेळी पिशवी भरलेली असते तुझी."

"ते लागतं."

"कशाला?"

उत्तर नव्हतं म्हणून मी चहा प्यायले.

"हे बघ," काकू म्हणाल्या, "एक गोष्ट मला कळलीय. स्वतःची चिंधी कुणालाच टाकवत नाही. तिच्यामागं कुणाचं तरी बारसं असतं, कुणाचं तरी लग्न असतं. दुसरीची चिंधी मात्र चिंधीच असते. मघाशी मी इरकलचा तुकडा बाजूला सारला तो तू बघितलास. बोलली नाहीस. आता बोल."

"वीतभर नाही भरत तो."

"नाही ना? टाक गोधडीच्या पिशवीत. तूच टाक, माझ्याच्यानं होत नाही."

मी टाकला. मग वायलचा एक, खणाचे तीन, कुणाच्या तरी मुंजीतल्या सोवळ्याचा एक. काकू दर वेळी "अगंऽऽ" म्हणायच्या आणि मग गप्प बसायच्या. गोधडीची पिशवी फुगली. त्यांच्या ओळखीच्या एक बाई गोधड्या शिवतात. दोन जुन्या साड्यांच्या मध्ये असले थर घालून त्या कडेनं सुरुवात करतात आणि धावदोऱ्याचे चौकोन करत आत आत मध्यावर येतात. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर, त्यामुळे एका लुगड्यात मोठी गोधडी आरामात होते. धाकटीच्या बाळासाठी लहानशी आधीच सांगून झाली होती.

दुसऱ्या दिवशी अकराला काकू माझ्याकडे कात्री आणि चष्मा घेऊन हजर झाल्या. दिवाण उघडला, पुड्या निघाल्या. वाळून दगड झालेला डिंक, चिकटपट्टीची पिवळी पडलेली रिळं आणि थर्माकोलचं वृंदावन त्यांनी बघता बघता बाद केलं. मोत्यांचे रंग निवडून वेगवेगळ्या बाटल्यांत भरले. लोकरीच्या गुंड्यांचे दोन वाटे पडले, टोपडं होईल एवढ्या मोठ्या आणि नुसत्या गोंड्यांना पुरतील अशा लहान. काम चोख झालं.

फक्त संध्याकाळी लक्षात आलं, की 'टाकायच्या' ढिगातली पिस्ता रंगाची लोकर आणि मोत्यांची लेस काकूंच्या पिशवीतून त्यांच्या घरी गेली होती. बोलायला तोंड नव्हतं, कारण आदल्या दिवशी त्यांच्या ढिगातलं मोरपंखी खणाचं पाऊण मीटर माझ्याकडे आलं होतं.

काका भिंतीपलीकडून हे सगळं बघत होते. "म्हणजे हिशेब काय झाला?" त्यांनी विचारलं. "दोन्ही घरांत मिळून होतं तेवढंच राहिलं. नुसती भिंत ओलांडली."

"असू दे," काकू म्हणाल्या. "तिच्याकडे आहे म्हणजे कुठं आहे ते मला ठाऊक आहे. माझ्याकडे होतं तेव्हा सापडत नव्हतं."